काशीची भरती

मे महिना लागला की गंगा आटायला लागते, आणि आटलेली गंगा मला बघवत नाही. वर्षभर पाण्याखाली लपलेल्या खालच्या पायऱ्या वर येतात. त्यांच्यावर शेवाळ वाळून खपल्या धरलेल्या असतात, मधूनमधून झेंडूच्या माळांचा लगदा, एखादी फुटकी तसबीर, एका पायाची चप्पल. समोरच्या काठाला रेतीचा पांढरा पट्टा दिवसागणिक रुंद होत जातो. हल्ली त्या रेतीवर हौशी मंडळी उंटावर बसतात, तंबू ठोकतात आणि समुद्रकिनारी आल्यासारखे हात पसरून फोटो काढतात. समुद्र म्हणे! यातल्या निम्म्यांनी समुद्र बघितलेला नसणार, आणि उरलेल्यांनी बघून काही उपयोग झालेला नसणार.

परवा शिंदे घाटावर एक जण गळ टाकून बसलेला दिसला. डोक्याला टोपी, डोळ्यांना काळा चष्मा, हातात परदेशी चकचकीत काठी, शेजारी थंड पाण्याची बाटली. वेळ भर दुपारची, बाराची. लू, म्हणजे इथला उन्हाळी झळांचा वारा, अशी चाललेली की घाटावरचे कुत्रेसुद्धा छत्रीखाली जाऊन पडलेले, आणि हे महाशय मासा येईल म्हणून पाण्याकडे बघतायत. एवढ्या उन्हात मासा काठाला फिरकत नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्यानं घरी बसून आमपन्हं प्यावं. मी नाक मुरडलं आणि पुढे झाले. नाक मुरडण्यात आमचं घराणं पहिल्यापासून पटाईत. पण दहा पावलं गेल्यावर आठवलं, की अशाच उन्हाळ्यात, याच पाण्याकडे डोळे लावून बसलेल्या एका माणसाला मी एकदा असंच नाक मुरडून हसले होते. मग घरी येईपर्यंत माझा तोरा पार उतरला.

आम्ही मूळचे मालवणच्या खालच्या अंगाचे, खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका गावचे. बाबा रेल्वेत लागले आणि बदल्या होत होत नव्वदच्या सुमाराला बनारसला येऊन थांबले. मंगला गौरीच्या गल्लीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या. घरमालक परगावी राहायचे, म्हणून आमच्या कढईत काय शिजतं हे विचारायला कोणी येत नसे. पण आजूबाजूची आणि पलीकडे दूधविनायकाची जुनी मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या पूजापाठातली. त्यांना वासावरून सगळं कळायचं. हळदीकुंकवाला ती आईला न चुकता बोलवायची, पण 'तुम्ही कोकणातले, नाही का?' असं विचारून झाल्यावर एक बारीकसा 'हं' सोडायची. आई तो 'हं' ओटीतल्या तांदळांबरोबर घरी आणायची आणि रात्रीचा स्वयंपाक होईपर्यंत धुमसत राहायची.

आम्ही तरी कुठे कमी होतो! आम्ही गंगेच्या माशांना हसायचो. बाजारातून रोहूचे तुकडे आणले की आई चिंच घालायची, तिरफळं घालायची, सतरा उपाय करायची, आणि बाबा पहिला घास तोंडात घेऊन म्हणायचे, "चिखल." एवढा एकच शब्द. मग दोनदा भात मागून घ्यायचे. घाटावरचे मल्लाह, म्हणजे नावाडी, आमच्यासारख्या बाजारातून मेलेला मासा विकत घेणाऱ्यांना हसायचे. म्हणजे गल्लीतल्या प्रत्येकाला तुच्छ लेखायला कोणी ना कोणी होतं आणि सगळ्यांचं छान चाललं होतं. त्यात त्र्याण्णवच्या मे महिन्यात थोरले काका आले. सगळ्यांना एकदम तुच्छ लेखू शकणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा बघितला.

काका म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, बाबल. त्या उन्हाळ्यात काकू गेली होती. मूलबाळ नव्हतं. एका खांद्याला काकूच्या अस्थींची पिशवी आणि दुसऱ्या खांद्याला गोणपाटात गुंडाळलेला पाग, असे ते स्टेशनवर उतरले. पाग म्हणजे हातानं फेकून मारायचं गोल जाळं. अस्थी सोडायला आलेल्या माणसानं पाग कशाला आणावा, असं आईनं विचारलं तर म्हणाले, "पाण्यार जातंय, तर रिकाम्या हातान कित्याक जाव?"

अस्थी सोडून झाल्यावर ते बराच वेळ पायरीवर उभे राहिले. इथे येणारा माणूस गंगा पाहून हात जोडतो, रडतो, निदान तोंडानं काहीतरी पुटपुटतो. काकांनी डोळे बारीक करून वरपासून खालपर्यंत पाणी न्याहाळलं आणि निकाल दिला, "खाडी आसा. बरी आसा." पुढे बाटलीत भरून दिलेलं गंगाजल जिभेला लावून म्हणाले, "मीठ नाय. जेवण अळणी, तसा पाणी अळणी."

बाबांना ते राहायला हवे होते. आजोबा लवकर गेले, तेव्हा याच माणसानं पहाटे पाग मारून आणि दिवसा रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून बाबांना शिकवलं होतं. गावाला आता त्यांना पेज करून घालायला कोणी उरलं नव्हतं. यांत्रिक होड्या किनाऱ्याला घासून जात होत्या आणि रापणीला काही लागत नव्हतं. "दादानू, आता हंयच रवा," असं बाबा रोज ताटावर बसल्याबसल्या म्हणायचे. काकांची अट एकच होती.

"माझ्या हातचो मासो ह्या घरात शिजाक होयो. एकदा शिजलो काय मी रवलंय. भावाच्या घरात आयतो गिळूक माका जमाचा नाय."

मला ते राहायला नको होते. उगीच गोडगोड कशाला लिहू? मी चौदा वर्षांची, नववी पास झालेली, वर्गात भूगोलात पहिली. दोन खोल्यांतला खिडकीजवळचा कोपरा माझा होता आणि तो काकांनी घेतला. त्यांच्या अंगाला विडीचा वास यायचा. ते मोठ्यानं मालवणी बोलायचे, खिडकीतून खालच्या गल्लीत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, आणि खाली माझ्या मैत्रिणींची घरं होती. मी बाहेर हिंदी बोलायचे, घरात हिंदीतून उसनवारी करून मराठी बोलायचे, आणि मालवणीला तर मी ओळखच दाखवत नसे. "चेडवा, पाणी हाड गो," अशी काकांची हाक आली की मला धरणी पोटात घेईल तर बरं असं व्हायचं.

पहिल्या आठवड्यात त्यांनी घाटावरून पाग मारला. तो फेकायचा कसा हे बघण्यासारखं असतं, हे आज म्हणते. दाताखाली दोरी, डाव्या खांद्यावर अर्धं जाळं, कमरेतून एक गिरकी, की जाळं हवेत उघडून गोल पाण्यावर पडतं. घाटावरची माणसं थांबून बघायला लागली. ओढून बाहेर काढलं तर त्यात झेंडूची माळ, दगड, आणि कोणाचा तरी पितळी गडू. दुसऱ्यांदा टाकला तो खालच्या पायरीला अडकून फाटला. लल्लन नावाचा एक मल्लाह आपल्या नावेत पाय सोडून बसला होता. तो एवढा हसला की त्याला ठसका लागला.

मग गरी, म्हणजे गळ, टाकून झाली. तिला टेंगरा लागला, मिशांचा, काट्याचा. गरीतून सोडवताना त्याचा काटा काकांच्या अंगठ्यात घुसला आणि हात मनगटापर्यंत सुजला. आई तो मासा शिजवायला तयार होती, अट तरी फिटेल म्हणून. काकांनी तो शेपटीला धरून उचलला, त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि पाण्यात परत फेकून दिला. "ह्येका मासो म्हणतत? ह्येका मिशो आसत. ह्यो हवालदार." अट स्वतःच घातलेली, पण तीही कुठल्याही माशानं फिटणारी नव्हती. असा माणूस.

दुपारी बाहेर लूचा सुसाट आवाज यायचा. खिडकीला वाळ्याची ताटी लावलेली, आई तिच्यावर पाण्याचे हबके मारायची, आणि वीज गेलेली असायची. त्या अंधाऱ्या, ओलसर वासाच्या खोलीत काका जमिनीवर पाय पसरून बसायचे आणि गावचा मे महिना बोलत राहायचे. मी पुस्तक तोंडापुढे धरून न ऐकल्यासारखं करायचे. ऐकलेलं सगळं मात्र आजही पाठ आहे. वैशाखात खाडीचं पाणी कसं कोमट होतं, भरतीबरोबर शेवटे मासे कसे थव्यानं आत शिरतात आणि उड्या मारताना त्यांची पांढरी पोटं कशी लकाकतात. रापण ओढताना दोन रांगा दोन दोरांना कशा लागतात, आणि पाण्यात अर्धा चंद्र काढून बसलेलं जाळं जसजसं आत येतं तसतसं त्यातलं पाणी कसं उकळल्यासारखं दिसायला लागतं. वाळूवर तापलेल्या चटया, त्यांच्यावर वाळत घातलेली तारल्यांची मासळी, त्यांची राखण करत बसलेली काकू, आणि तिला फसवून चोचीत तारली घेऊन उडणारे कावळे. बोलता बोलता काकूपाशी आले की काका थांबायचे आणि विडी शोधायला लागायचे.

मी लहानपणी दोन-तीन उन्हाळे तिथे काढले होते. पायाखाली मऊ, गरम चिखल, खडकावरच्या कालवांनी कापलेली टाच, आणि रापणीच्या दोराला हात लावला म्हणून वाट्याला आलेले चार पेडवे मासे. मला आठवत होतं. आठवत असूनही मी काकांच्या बोलण्याला कधी "हो, मी पण बघितलंय" असं म्हटलं नाही. त्या चिखलाशी माझा काही संबंध आहे हे मला कोणाला कळू द्यायचं नव्हतं, स्वतःलासुद्धा.

पाग आणि गरी हरल्यावर काकांनी आपलं खरं हत्यार काढलं. खाडीच्या उथळ पाण्यात ओळीनं खुंट ठोकतात आणि त्यांना लांब जाळं बांधून तळाशी दाबून ठेवतात. भरतीबरोबर मासे आत शिरले की जाळं वर ओढून खुंटांना अडकवायचं. मग ओहोटीला पाणी निघून जातं आणि मासे जाळ्याच्या आत राहतात. काका या जाळ्यातले उस्ताद होते. बाबांकडून त्यांनी नायलॉनचा दोरा मागवला आणि तीन आठवडे माझ्या कोपऱ्यात बसून ते जाळं विणलं. सकाळी उठले की विणायचे, दुपारी बोलताना विणायचे. जाळं वाढत वाढत माझ्या पुस्तकांच्या फळीपर्यंत आलं. बाबा कामावरून आले की आधी जाळं किती झालं ते बघायचे. त्यांच्या चेहऱ्यावरची आशा बघून मला आणखीच राग यायचा.

या तीन आठवड्यांत काका रोज घाटावर जाऊन पाणी बघत होते. गंगा उन्हाळ्यात रोज थोडी थोडी उतरते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. काकांनी तिला उतरताना बघितलं आणि त्यांच्या साठ वर्षांच्या अनुभवानं सांगितलं, की ही ओहोटी आहे, मोठी आहे, आणि एवढ्या मोठ्या ओहोटीनंतर येणारी भरतीही तशीच मोठी असणार. यात मूर्खपणा नव्हता. त्यांनी जन्मात जेवढ्या रुंद नद्या बघितल्या त्या सगळ्या समुद्राच्या तोंडाशी. त्या रोज दोनदा भरत होत्या आणि दोनदा उतरत होत्या. एवढं रुंद पाणी आहे आणि त्याला भरती नाही, असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण? बाबांना माहीत होतं, पण असं काही सांगायला लागेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. लल्लनला विचारायचं तर काकांना हिंदी येत नव्हती, आणि येत असती तरी त्यांनी त्याला विचारलं नसतं. तुच्छता माणसाला भारी पडते ती अशी.

त्यांनी मला विचारलं. अमावास्येच्या आदल्या दिवशी माझी मैत्रीण शुभा घरी आली होती. दूधविनायकाची, शास्त्रीबुवांची नात, गोरीपान, 'हं' म्हणण्यात घरातल्या मोठ्यांपेक्षा तरबेज. काका जाळ्याची शेवटची गाठ मारून आमच्यासमोर येऊन बसले.

"गो बाय, घराकडची भरती माका म्हायती आसा. तिथीची पाऊणपट केली काय येळ येता. पण समुद्र हंयसून लांब. पाणी पोचाक येळ लागतलो. कितको, ता तुमच्या पुस्तकात आसतला. हंय उद्या भरती कितक्या वाजता?"

शुभानं ओठ आत ओढून घेतले. तिचे खांदे हलत होते. मला माहीत होतं की इथे भरती येत नाही. आमच्या पुस्तकात तसा धडा होता आणि मला त्यात पैकीच्या पैकी मार्क होते. एका वाक्यात सांगता आलं असतं. पण शुभा हसत होती, आणि ती काकांना हसतेय तोवर मी तिच्या बाजूची होते. मी वही उघडली, काहीतरी मोजल्यासारखं केलं आणि म्हटलं, "संध्याकाळी पाच वाजता."

"समुद्र खंयच्या बाजूक?"

मी प्रवाहाच्या खालच्या अंगाला दिसणाऱ्या रेल्वेच्या पुलाकडे हात केला. गंगा इथे उत्तरेला वाहते. काका थोडे चक्रावले. "उत्तरेक? बरा, बरा. तू शिकलंस, तुका म्हायत." मग ते मनापासून हसले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांच्या अंगठ्यावर टेंगऱ्याच्या काट्याची काळी खूण होती.

दुसऱ्या दिवशी बाबा कामावर गेल्यावर काकांनी जाळं खांद्यावर टाकलं. बाबांना काही सांगितलं नाही; रात्री एकदम मासेच घेऊन यायचे होते. आईला म्हणाले, "वाटप करून ठेय. खोबरा जास्ती घाल." आईनं शेजारच्या गल्लीत जाऊन नारळ आणला आणि माशाच्या आमटीसाठी खोबरं वाटून ठेवलं. लल्लनच्या नावेतून ते पलीकडे गेले. रेतीच्या कडेनं एक उथळ सोता उरला होता, गुडघाभर पाण्याचा. उन्हाळ्यात रेतीवर खरबुजं लावणाऱ्या वाडीवाल्यांकडून त्यांनी खुणेनंच बांबू मागून घेतले आणि दोन वाजताच्या उन्हात, पांढऱ्या रेतीत, एकट्यानं ते ठोकले.

पाचच्या सुमाराला शुभा आणि मी लल्लनच्या नावेतून तमाशा बघायला गेलो. तमाशा हाच शब्द आम्ही वापरला होता. तोवर बातमी घाटभर झाली होती. चार-पाच नावा सोत्याच्या तोंडाशी येऊन थांबल्या होत्या, वाडीवाली पोरं काठावर बसून खरबूज खात होती. खुंटांची ओळ इतकी सरळ होती की दोरी धरून मारल्यासारखी. जाळं तळाशी नीट दाबलेलं. आणि काका गुडघाभर पाण्यात, डोक्याला पंचा बांधून, पुलाकडे तोंड करून उभे होते.

"का हो चाचा, समुंदर आवत हौ का?" लल्लन ओरडला.

काकांना शब्द कळले नाहीत, पण वेळ विचारतोय असं वाटलं. त्यांनी हाताची पाच बोटं वर केली. नावांवरची माणसं खो खो हसली. शुभा हसता हसता माझ्या अंगावर पडली. मीही हसले. मोठ्यानं हसले, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून.

काका वळले. मला बघून त्यांना आनंद झाला. "काय म्हणतत ते?"

"मासे मिळतील का, असं विचारतायत."

"मिळतले, सांग तेंका. सगळ्यांका वाटतलंय."

पाचाचे सहा झाले. लू पडली. हसून हसून कंटाळलेल्या नावा एकेक करत परतल्या. शुभा म्हणाली, "चल, बोअर झालं," तरी मी उठले नाही. काकांनी दोन-तीनदा वाकून खुंटावरची पाण्याची खूण बोटानं चाचपली. पाणी चढलं नव्हतं. दुपारपासून उलट नखभर उतरलंच होतं. तरी त्यांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं नाही, 'कधी येतलो गो?' असंही विचारलं नाही.

सूर्य घाटामागे गेला तेव्हा बाबा आले. परतलेल्या नावांतल्या कोणीतरी त्यांना घाटावरच सगळं सांगितलं असणार. ऑफिसच्या पॅंटीसकट ते पाण्यात उतरले आणि काकांच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

"दादानू, हंय भरती येणा नाय."

काकांनी पुन्हा वाकून खुंटावरची खूण चाचपली.

"कोणी सांगल्यान तुमका?"

काकांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. एखाद्या अनोळखी पाण्याचा अंदाज घ्यावा तसं पाहिलं आणि नजर काढून घेतली. "कोणी नाय," ते म्हणाले. "माझोच अंदाज." मग बाबांवर डाफरल्यासारखं, "आणि येणा नाय म्हणान कोण सांगता? तू रेल्वेत कामाक. तुका पाण्याचा काय कळता?"

त्या रात्री आईनं वाटप झाकून ठेवलं आणि आम्ही वरणभात जेवलो. दोन दिवसांनी काका गावाला गेले. पाग बरोबर नेला, तीन आठवडे विणलेलं जाळं लल्लनच्या नावेत टाकून गेले. लल्लननं ते पुढे कितीतरी वर्षं वापरलं. "चाचा जाल त बढ़िया बुनत रहलन," असं तो बाबांना दिसला की सांगायचा आणि बाबा तोंड फिरवून घ्यायचे. मी खरं काय ते बाबांना सांगितलं नाही. मला माझा कोपरा परत मिळाला, त्यात बसून मी दहावीचा अभ्यास केला आणि भूगोलात शाळेत पहिली आले. अशा पहिल्या नंबरावर थुंकावं!

काकांना नंतर मी बघितलं नाही. ते गेले अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात. कोकणात गाडी नुकतीच सुरू झाली होती. बाबांबरोबर मी गेले, तेव्हा विद्यापीठात बी.ए. करत होते, विषय अर्थातच भूगोल. रापणीचा तांडेल, म्हणजे सगळ्या ओढणाऱ्यांचा म्होरक्या, आम्हाला न्यायला आला होता. मला वरपासून खालपर्यंत बघून त्यानं विचारलं, "तूच मा ती? काशीची भरती सांगणारी?"

मला वाटलं, सगळ्या गावाला कळलंय. पण तांडेल कौतुकानं बोलत होता. काका गावात परतल्यावर संध्याकाळी रापणीच्या माणसांत बसून सांगायचे, की काशीला भरती संध्याकाळी पाचला येते. माझी पुतणी वहीत मोजून वेळ काढते, एवढी शिकलेली. त्या दिवशीही भरती आली होती. पण मध्ये गाळ फार, माझ्या जाळ्यापर्यंत पोचली नाही, चूक माझी. गावचे म्हातारे मास्तर एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "बाबल, काशीक भरती येणा नाय, समुद्राचा पाणी थंय जाणा नाय." मास्तर काकांचे लहानपणापासूनचे सोबती, बाबांचे शिक्षक. काका उठले आणि म्हणाले, "माझी पुतणी खोटा सांगता?" त्या दिवसापासून त्यांनी मास्तरांशी बोलणं टाकलं. पाच वर्षं. काका अंथरुणाला खिळल्यावर मास्तर भेटायला आले, तर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

त्यांना खरंच वाटत होतं की भरती येते, की सगळं कळून त्यांनी माझी लाज राखली, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही आणि आजही येत नाही. पुलाकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या त्या माणसाला पाण्याचं कळत नव्हतं असं म्हणायची माझी हिंमत नाही.

बाराव्याला अंगणात पंगत बसली. रापणीची सगळी माणसं होती. मास्तर काठी टेकत आले, कोणी बोलावलं नव्हतं तरी आले आणि माझ्या समोरच्या पानावर बसले. वाढून झालं. मास्तरांनी पानाला हात लावला नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बाय, तू भूगोल शिकतंस. तुझ्या काकान माझ्याशी बोलणा टाकल्यान, मरताना सुदिक बोलाक नाय. आता तूच सांग सगळ्यांसमोर. काशीक भरती येता?"

वाढपी थांबले. तांडेल माझ्याकडे बघत होता. बाबा बघत होते, आणि त्या क्षणी बाबांना सगळं उमगलं हे मला त्यांच्या तोंडावरून कळलं. मास्तरांचे डोळे पाण्यानं भरलेले होते. त्यांना जिंकायचं नव्हतं, त्यांना फक्त आपण मित्राशी खोटं बोललो नाही एवढं ऐकायचं होतं.

"येते, मास्तर," मी म्हटलं.

मास्तर काठीवर भार देऊन उठले, चपला शोधून पायात घातल्या आणि वाढलेलं पान तसंच ठेवून अंगणाबाहेर गेले. पंगत पुन्हा सुरू झाली. तांडेल स्वतः उठून आला आणि माझ्या पानात आग्रहानं भात वाढायला लागला.